आल्मा कोर्सेलच्या दारचं दूध

ईस्ट टार्बेल गावात शनिवारी सकाळी कुणी घरी सापडलं नाही, तर तो टेकडीवर कोर्सेलांकडे गेलाय असं खुशाल समजावं. अंडी, कोंबडी, लोणी, दूध, आणि नोव्हेंबर उजाडला की डुकराचं नि कोकराचं मांस, अर्धं गाव आल्मा कोर्सेलच्या दारातून न्यायचं. दुकानाची पाटी नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या सोप्यात दोन मोठे फ्रीझर, एक लाकडी बाकडं, तागडी आणि आल्माची जीभ, एवढंच दुकान.

तसं म्हटलं तर ते आपोआपच सुरू झालं. आल्माचा नवरा अर्मंड, त्याचा बाप कॅनडातल्या क्वेबेकहून सीमा ओलांडून व्हर्मॉन्टमध्ये आला आणि त्यानं ही टेकडी घेतली. चाळीस गाई होत्या. एका हिवाळ्यात गोठ्यात बर्फावरून अर्मंडचा पाय घसरला आणि अंगावर आलेल्या बैलानं त्याला भिंतीशी दाबलं. खुब्याचं हाड नीट बसलं नाही ते नाहीच. चाळीस गाई लंगड्या माणसाला कुठून झेपणार? सहा ठेवल्या, बाकीच्या विकल्या. सहा गाईंच्या दुधासाठी डेअरीचा टँकर एवढी चढण चढेना. मग साय काढून उरलेलं दूध प्यायला डुकरं आली, डुकरांच्या सोबतीला कोंबड्या आल्या, कोकरं आली. एकुलता मुलगा सैन्यात गेला तो तिकडे टेक्सासातच रमला. खाणारी तोंडं दोन.

एकदा शाळेतले मास्तर अंडी मागायला आले आणि कुंपणाशी उभे राहून डुकराकडे बघत बसले.

"याचं पुढं काय करणार?"

"खाणार," आल्मा म्हणाली.

"सगळं?"

"दोघंच आहोत आम्ही. अर्धं तुम्ही न्या."

मास्तरांनी नेलं. त्यांच्या बहिणीनं पुढच्या वर्षासाठी सांगून ठेवलं. असं करत करत वीस वर्षं झाली.

आल्मा बुटकी, रुंद, पायात अर्मंडचे जुने बूट आणि वर फुलाफुलांचं एप्रन. गिऱ्हाइकाला ती कधी गोड बोलली असेल तर ते कुणाच्या ऐकिवात नाही. न्यूयॉर्कहून म्हातारपणी गावात येऊन राहिलेले एक डॉक्टर होते. त्यांना डुकराचे फक्त चॉप्स हवे असायचे. आल्मानं त्यांच्यापुढं मुंडी, पाय, काळीज सगळं बांधून ठेवलं. "डॉक्टर, याला नुसते चॉप्सच असते, तर हे बिचारं उभं कशावर राहिलं असतं?" डॉक्टर हसत सगळं घेऊन गेले, आणि आठवड्यानं पायांचं सार कसं करायचं ते विचारायला परत आले. कुणाच्या नवऱ्याला आता चावत नाही, कुणाची मुलगी बाळंत झालीय, कुणाला पायाच्या अंगठ्याच्या दुखण्यामुळे काळीज वर्ज्य आहे, हे सगळं तिला पाठ. न मागता पिशवीत हाडं घालायची. "हे घे. काल तुझा खोकला रस्त्यावरून ऐकू आला."

लोकांनाही ते आवडायचं. जे खायचं ते आधी गवतात लोळताना पाहिलेलं असायचं. कुणाला शंका आली तर आल्मा त्याला थेट गोठ्यात न्यायची. "विचार तिलाच, मी काय खायला घालते ते."

दूध मात्र ती हातचं राखून द्यायची. सरकारनं घरातून थोड्या बाटल्या विकायची मुभा दिली होती, तेवढ्याच. कच्चं, न उकळलेलं दूध. वर सायीची पिवळी रेघ. त्याची निगा ती जिवापाड राखायची. कोमट पाण्यानं कास धुवायची, दर गाईला वेगळं फडकं, पहिल्या धारा टाकून द्यायच्या, गाळायचं कापड रोज उकळायचं. वीस वर्षांत कुणाचं पोट बिघडलं नव्हतं.

लिडिया विटकम गावात बॉस्टनहून आली. नवऱ्याला लाकडी होड्या बनवायच्या होत्या. समुद्रापासून दीडशे मैलांवर! तीन हिवाळे त्यानं काढले आणि मग एक दिवस तो समुद्र शोधायला गेला, एकटाच. फीबी तेव्हा आठ महिन्यांची होती.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत लिडिया बाळाला घेऊन अंडी घ्यायला आली. घेतली, बाहेर गेली, गाडीत बसली, पण गाडी काही सुरू होईना. आल्मा खिडकीतून बघत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी ती बूट अडकवून बाहेर गेली आणि काचेवर टकटक केली.

"आत चल. गाडीत बसून रडलं की काचा आतून गोठतात. मग घरी कशी जाशील?"

आत आल्मानं तिच्यापुढं घेवड्याच्या उसळीची वाटी आणि पाव ठेवला. लिडिया अर्धी वाटी खाऊन खुर्चीतच झोपली. दोन तास आल्मा चुलीजवळ बाळाला मांडीवर घेऊन बसली. दारात गिऱ्हाइकं आली की अर्मंड लंगडत बाहेर जायचा आणि ओठांवर बोट ठेवायचा.

तेव्हापासून लिडिया शनिवारी आली की दुपारपर्यंत हलायची नाही. गावातल्या छोट्या वाचनालयात तिला नोकरी लागली, तीही आल्माच्याच खटपटीनं. आणि फीबी? ती त्या गोठ्यातच वाढली म्हणा ना. क्वेबेकच्या घरांतून आजीला मेमे म्हणतात. अर्मंडनं गंमत म्हणून पोरीला ते शिकवलं. तिनं पहिल्यांदा "मेमे" अशी हाक मारली तेव्हा आल्मा म्हणाली, "हे काय नसतं शिकवून ठेवलंस!" आणि वळून उगाचच फ्रीझर आवरायला लागली. अर्मंडनं सगळं पाहिलं.

पाच वर्षांची झाल्यावर फीबी पालथ्या बादलीवर बसून धारा काढताना बघायची. गाळून झालं की तिचा पेला आधी.

"मेमे, हे कुणाचं?"

"मार्गोचं."

"आज गोड कमी आहे. तिला सांग."

"तूच सांग. माझं ती ऐकत नाही."

मग फीबी मार्गो गाईच्या कानाशी जाऊन खरंच सांगायची.

त्या जुलैमध्ये ऊन चांगलं पडलं होतं. अर्मंड खालच्या शेतात गवत वाळत घालत होता. शनिवारी सकाळी लिडिया आली, मटार निवडायला बसली. फीबीनं आपला पेला दोन्ही हातांनी धरून संपवला, ओठांवरचा फेस बाहीला पुसला आणि कोंबड्यांच्या मागे पळाली. त्या दिवसात दुसरं काही सांगण्यासारखं नाही. पुढं आल्मानं तो दिवस हजार वेळा आठवून पाहिला, पण त्यात एवढंच होतं.

मंगळवारी फीबीचं पोट बिघडलं. बुधवारी लिडियाचा फोन आला. डॉक्टरांच्या आधी तिनं आल्माला केला होता.

"पोटात कळा येतात म्हणते. सहा वेळा जाऊन आली."

"मटार कच्चे खाल्लेत तिनं मूठमूठ, मी पाहिलं ना. उन्हाळ्यात होतंच पोरांना. पेज दे, निजव. मी उद्या सार घेऊन येते."

गुरुवारी आल्मा आपला ट्रक काढून खाली गावात गेली. कोंबडीचं सार होतं आणि दुधाची एक बाटली. फीबी कोचावर मुटकुळं करून पडली होती. साराला तोंड लावेना. "दूध हवं," म्हणाली. आल्मानं डोकं धरून तिला दोन घोट पाजले. मग पोरगी संडासात गेली आणि लिडियानं आल्माला आत हाक मारली. भांड्यात रक्त होतं.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे," आल्मा म्हणाली. गाडीपर्यंत फीबीला तिनंच उचलून नेलं. पोरगी तापानं फणफणली होती, आणि आल्माच्या गळ्याला धरून "मेमे, दुखतंय, मेमे" एवढंच म्हणत होती.

गावच्या डॉक्टरांनी बर्लिंग्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सोमवारी तिची लघवी बंद झाली. कुठल्याशा जंतूचं विष रक्तात गेलं होतं आणि दोन्ही मूत्रपिंडं थांबली होती. यंत्रावर रक्त धुवावं लागत होतं. काय काय खाल्लं, काय प्याली, याची यादी डॉक्टरांनी लिडियाकडून करून घेतली.

बुधवारी आरोग्य खात्याची गाडी टेकडी चढून आली. तरुण बाई होती, रबरी बूट घालून आलेली. तिनं दुधाचे, पाण्याचे, शेणाचे नमुने घेतले, गाळायचं कापड पाहिलं, फडकी मोजली, सहाही गाई तपासल्या. आल्मा तिच्या मागे मागे फिरत होती. आठवड्यानं ती बाई स्वतः परत आली. फोनवर सांगावंसं तिला वाटलं नसावं.

"मार्गो," ती म्हणाली.

आल्मा बाकड्यावर बसली.

"तुमच्याइतका स्वच्छ गोठा मी या भागात पाहिलेला नाही, मिसेस कोर्सेल."

"मग कसं झालं?"

"गाईला काही त्रास नसतो. तिच्या पोटात तो जंतू असतो आणि नसतोही, कधी येतो कधी जातो. शेपटीचा एक फटका, एक शिंतोडा पुरतो. दिसत नाही, चव लागत नाही. दूध उकळलं असतं तर मेला असता."

"माझं काय चुकलं ते लिहा की तुमच्या कागदावर."

"दूध कच्चं होतं, एवढंच लिहितेय. दुसरं लिहायला काही सापडत नाही."

त्या बाईला वाटलं, आपण दिलासा दिला. दुपारी अर्मंड शेतातून आला तेव्हा आल्मा मार्गोच्या ठाणात उभी होती. नखांनी लाकडाच्या फटीतला वर्षानुवर्षांचा मळ खरवडून काढत होती. बोटांतून रक्त येत होतं.

ती हॉस्पिटलात गेली ती त्यानंतर. तोवर लिडियानं येऊ नको म्हटलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं. काचेपलीकडे फीबी होती. अंग सुजलेलं, डोळे मिटलेले, मानेजवळ नळी. एवढ्या मोठ्या खाटेवर एवढंसं पोर. आल्मानं सोबत काहीच आणलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाकडे रिकाम्या हातानं गेली होती.

लिडिया बाहेर आली. दोन आठवड्यांत तिचं तोंड म्हातारं झालं होतं.

"मला खात्यातून फोन आला होता," ती म्हणाली. "आल्मा, त्या सकाळी काय वेगळं झालं होतं?"

"काही नाही."

"आठव ना. घाईत होतीस? अर्मंड शेतावर होता, तू एकटी होतीस."

"एकटी होते. पण घाई नव्हती. रोजच्यासारखंच केलं सगळं."

"फडकं विसरलीस? हात धुतले नव्हतेस? काहीतरी सांग. काहीही सांग, मी ऐकून घेईन."

आल्माला वाटलं, म्हणून टाकावं. नव्हते धुतले, म्हणावं. या पोरीला तेवढाच आधार. पण तिच्या तोंडून ते निघेना.

"धुतले होते, लिडिया."

लिडिया बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता तू जा." आवाज चढलेला नव्हता. आत जाऊन तिनं दार हळूच लावलं.

गुरुवारच्या त्या दोन घोटांनी काही फरक पडला नसावा, जे व्हायचं ते शनिवारच्याच दुधानं झालं, असं डॉक्टरांचं म्हणणं. अर्मंडनं हे तिला दहा वेळा सांगितलं. ती ऐकून घ्यायची. एकदा एवढंच म्हणाली, "तिनं मागितलं म्हणून दिलं मी. डोकं धरून दिलं."

खरी पंचाईत पुढंच झाली. गाव आल्माच्या बाजूनं उभं राहिलं.

दूधविक्री बंद करायचा हुकूम दाराला लागला होता. शनिवारी मंडळी येऊन तो वाचायची आणि तावातावानं बोलायची. जो तो आपल्या आजोबांचं नाव घ्यायचा, ते ब्याण्णव वर्षं कच्चं दूध पीत जगले म्हणून. खाली मर्टन स्टाइल्सचं पेंडीचं दुकान होतं. त्याच्याही चार गाई होत्या, तोही घरून दूध विकायचा. त्याच्या दुकानात तर रोज सभाच भरायची. लिडियानंच म्हणे खात्याला कळवलं. शहरातली पोटं ती, त्यांना डब्यातलंच सोसतं. आल्मानं हिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं आणि हिनं असे पांग फेडले! एकदा लिडिया कपडे न्यायला गावात आली होती. किराण्याच्या रांगेत तिच्यामागच्या बाईनं दुसरीला मुद्दाम ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, उपकाराची परतफेड कोणत्या फळीवर मिळते?" लिडियानं हातातलं सामान तिथंच ठेवलं आणि ती निघून गेली.

हे आल्माला कळलं ते ऑगस्ट सरता सरता. सांगणारी तिची मैत्रीणच होती आणि मोठ्या प्रेमानं सांगत होती. आल्मानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "चर्चचं जेवण कधी आहे?"

दर सप्टेंबरात चर्चच्या तळघरात गावजेवण असतं. कोंबडीचा रस्सा, बिस्किटं, भोपळा, ॲपल पाय. कोंबड्या वर्षानुवर्षं आल्माच्या. त्या वर्षी तिनं दिल्या नाहीत, पण ती आली. पाच वाजता पहिली पंगत बसली, दीडशे माणसं असतील. वाढप झालं तशी आल्मा उठली आणि पळीनं परातीवर ठोकलं.

"तोंडातला घास गिळा आणि ऐका."

लोक हसले. त्यांना वाटलं, आल्माची नेहमीची काहीतरी मस्करी.

"फीबी विटकम माझ्या दुधानं आजारी पडली. माझ्या मार्गोच्या. दुसऱ्या कशानं नाही, मटारानं नाही, विहिरीच्या पाण्यानं नाही, शहरातल्या पोटामुळं नाही. वीस वर्षं काही झालं नाही हे खरं, आणि त्या शनिवारी झालं हेही खरं. वर तिला रक्त पडत होतं तेव्हा मी आणखी दोन घोट पाजले. लिडियानं खात्याला बोलावलं नाही. डॉक्टरांनी बोलावलं. ते त्यांचं कामच आहे. नसतं बोलावलं तर पुढच्या शनिवारी इथल्याच कुणाच्या नातवानं तेच दूध प्यालं असतं, मर्टन. तिच्याबद्दल कुणाला काही बोलायचं असलं तर माझ्याकडे या. ती आई आहे. तिचं काय चुकलं असेल तर एवढंच, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला."

मग मर्टन म्हणाला, "म्हणजे आता आमच्याही दारावर हुकूम आणणार तू?"

"तुझं तू बघ. मी काय घडलं ते सांगितलं."

"वीस वर्षं लोकांनी तुझ्याकडून घेतलं, आल्मा. आता त्यांच्याच जेवणात विष कालवतेस होय?"

आल्मानं पळी परातीत ठेवली. ती खाली बसली. तिच्या शेजारची बाई उठून भोपळा आणायला गेली ती परत त्या खुर्चीवर आली नाही. अर्मंडनं काठी घेतली, दोघांच्या थाळ्या होत्या तशा ठेवल्या आणि म्हणाला, "चल घरी."

ट्रक चढणीला लागल्यावर अर्मंडनं विचारलं, "बोलायलाच हवं होतं?"

"हो."

"बरं मग."

त्यानंतरच्या शनिवारी वर चारच गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. दिसल्यावर हात करायचे. फक्त येईनासे झाले. आल्मा तरीही बाकडं पुसून, एप्रन बांधून सोप्यात उभी राहायची. एवढ्या वर्षांची सवय.

ऑक्टोबरात फीबीला घरी सोडलं. मूत्रपिंडं थोडी जागी झाली होती, पण थोडीच. मीठ मोजून, मांस मोजून, दूध जवळपास बंद, पाणीसुद्धा मापानं. पुढंमागं नवं मूत्रपिंड लागणारच होतं. लिडियानं वाचनालयाची नोकरी सोडली. बॉस्टनला तिची आई होती आणि मोठे डॉक्टर होते.

निघायच्या दिवशी तिची गाडी टेकडीवर आली. मागची सीट सामानानं भरलेली. आल्मा बाहेर आली आणि गाडीपासून चार पावलांवर थांबली. त्याच्या पुढं जायचा आपल्याला हक्क नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

लिडिया उतरली. "तू चर्चमध्ये बोललीस ते कळलं."

"हं."

"एप्रिलमध्ये अर्धं डुक्कर सांगून ठेवलं होतं मी. ते कुणाला तरी दे."

"देईन."

गाडीची काच खाली आली. फीबी. गाल औषधांनी फुगलेले, हात काड्यांसारखे.

"मेमे! मी बॉस्टनला चाललेय. मेमे, मला तहान लागते, पण पाणी मोजून देतात. इतकंच." तिनं बोटांनी माप दाखवलं. "तू ये ना इकडे."

आल्मानं लिडियाकडे पाहिलं. लिडियाचा हात गाडीच्या दारावर गेला. आल्मा होती तिथंच उभी राहिली.

"माझे हात खराब आहेत गं," ती म्हणाली. "शेणात होते मी."

हात धुतलेले होते.

"मला राग नाही तुझा," लिडिया हळू आवाजात म्हणाली. "आणायचा खूप प्रयत्न केला, येत नाही. त्या हिवाळ्यात तू नसतीस तर माझं काय झालं असतं कुणास ठाऊक. पण आल्मा, तुझ्या हातचं आता काही घशाखाली उतरणार नाही माझ्या. कधीच नाही. म्हणून मी परत येणार नाही."

"बरोबर आहे," आल्मा म्हणाली.

गाडी वळली. फीबी मागच्या काचेतून हात करत होती. सामानामुळं तेवढा हातच दिसत होता. आल्मानंही हात केला, गाडी पुलापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत. मग ती आत गेली आणि अर्मंडला म्हणाली, "गाई काढायच्या."

पाच गाई खालच्या एका मोठ्या गोठ्यात गेल्या. तिथलं दूध उकळून बाटल्यांत भरलं जातं. अकरा वर्षांच्या मार्गोला कुणी घेतलं नसतं. अर्मंड म्हणाला, "राहू दे की तिला. खात्याची बाईसुद्धा ठेवा म्हणाली. तिचा काय दोष?"

"दोष नाही म्हणूनच बघवत नाही तिच्याकडे."

खाटीक आला तेव्हा दावं आल्मानंच धरलं. आजवर प्रत्येक जनावराचं धरलं होतं तसंच. मार्गोनं नेहमीप्रमाणे तिचं एप्रन चाटलं. डुकरं, कोंबड्या, कोकरं त्या हिवाळ्यातच संपली आणि पुन्हा आणली नाहीत. फ्रीझर विकले. मुलगा टेक्सासहून फोनवर म्हणाला, इकडे या. गेले नाहीत. आल्मा गावच्या शाळेत भांडी घासायला लागली. स्वयंपाकाला ये म्हणाले होते, तिनं नको म्हटलं.

पाच वर्षांनी पोस्टात एक पत्र आलं. पोस्टातल्या बाईनं ते हातात देताना बॉस्टनचा शिक्का पाहिला होता आणि ती थांबून राहिली होती. आल्मानं तिथं उघडलं नाही. ट्रकमध्ये बसून वाचलं. एकच पान होतं. लिडियानं आपलं एक मूत्रपिंड फीबीला दिलं होतं, शस्त्रक्रिया चांगली झाली होती. पोरगी दहा वर्षांची झाली, शाळेत जाते, पोहायला शिकतेय. पुढं लिहिलं होतं, "तिला टार्बेलचं फारसं काही आठवत नाही. कुठंतरी कोंबड्या होत्या, एवढंच म्हणते. मी बाकीचं सांगितलेलं नाही आणि सांगेन असं वाटत नाही. तुला हे कळवावं असं वाटलं. तुम्ही दोघं बरी असाल."

अर्मंडची नजर तोवर गेल्यासारखीच होती. तो खिडकीशी बसला होता. आल्मानं त्याला पत्र वाचून दाखवलं. मूत्रपिंडाचं वाचलं, शाळेचं वाचलं, पोहण्याचं वाचलं. मग थांबली.

"पोरीनं आपल्याला काही लिहिलंय?" अर्मंडनं विचारलं.

आल्मानं पत्राची घडी घातली.

"लिहिलंय ना. मेमेला आणि तुला पापी सांगितलीय. कोंबड्या कशा आहेत विचारते."

"आठवतं तिला!" म्हातारा खुर्चीत ताठ बसला. "एवढीशी होती, तरी आठवतं. कळव तिला, कोंबड्या मजेत आहेत म्हणून. कळवशील ना?"

"कळवते."

त्या आठवड्यात दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला अर्मंडनं थांबवून सांगितलं, बॉस्टनहून आमच्या फीबीचं पत्र आलंय, आम्हाला विसरली नाही पोरगी. लोक आल्माकडे बघायचे. ती मान डोलवायची आणि बटाटे सोलत राहायची.